दुःख आणि प्रभूचा कळवळा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी दुःखाचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण दुःख ज्या घरी आले नाही असे घर आपल्या मंडळात तरी कोणते आहे? माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले. दुःख का येते हे पंडितांसारखे उकलून सांगणे मला जमणार नाही. मी ख्रिस्ती घरातली बाई आहे. शास्त्र वाचून मला जे मिळाले, तेवढेच आपल्यापुढे ठेवते.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात एका जन्मांध माणसाची गोष्ट आहे. त्याला पाहून शिष्यांनी प्रभूला विचारले, पाप कोणाचे? ह्याचे, की ह्याच्या आईबापांचे? प्रभू येशूने सांगितले की, ह्याचेही नाही आणि आईबापांचेही नाही. मग त्याने त्या माणसाला दृष्टी दिली.

शिष्यांचा तो प्रश्न अजून मेलेला नाही. माझा धाकटा मुलगा दोन वर्षांचा असताना त्याला फिट येऊ लागली. शेजारच्या एक बाई म्हणाल्या, "पोटुशी असताना ग्रहण पाहिले होतेस का?" आमच्याच मंडळीतल्या एक बाई म्हणाल्या, "देव आपल्या लाडक्यांचीच परीक्षा पाहतो." दोघींच्याही मनात वाईट नव्हते. पण रात्रभर लेकराला मांडीवर घेऊन बसलेल्या आईने ह्या बोलण्याचे काय करावे? मग तिसरी एक आली. ती काहीच बोलली नाही. तिने मोरीतली भांडी घासली, कणीक मळून ठेवली, माझ्या थोरलीची वेणी घातली आणि गेली. माझ्या जिवाला गारवा मिळाला तो तिच्यामुळे.

आपल्या मराठी शास्त्रात कळवळा हा शब्द वरचेवर येतो. मला त्यात 'कळ' ऐकू येते. दुसऱ्याची कळ आपल्या पोटात उठणे, तो कळवळा. कुष्ठरोग्याला लोक दूर ठेवीत. प्रभूने हात पुढे करून आधी त्याला शिवले, मग बरे केले. नाईन गावच्या विधवेचा एकुलता एक मुलगा तिरडीवर चालला होता. तिने प्रभूकडे काही मागितलेही नव्हते. तिला पाहूनच त्याला कळवळा आला. लाजराला आपण उठविणार हे प्रभूला ठाऊक होते, तरी मरियेचे अश्रू पाहून तो रडला. "उगी, सगळे ठीक होईल" म्हणून त्याने तिचे रडणे बाजूला सारले नाही. आणि वधस्तंभावर तर, देवा, तू मला का सोडलेस, असा त्यानेच टाहो फोडला. म्हणून दुःखात देवाजवळ तक्रार करणारी बाई अविश्वासी ठरत नाही. आपला देव दुःखात स्वतः उतरलेला आहे.

ज्याचे जळते त्याला कळते, अशी आपली म्हण आहे. पंडिता रमाबाईंचे पाहा. वयाची विशी उलटण्याआधीच दुष्काळात त्यांचे आईवडील गेले. पुढे भाऊ गेला. 1882 साली पती वारले, तेव्हा मुलगी मनोरमा तान्ही होती. भूक काय असते हे त्या बाईने स्वतः सोसले होते. म्हणूनच 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्तिसदनात अशा शेकडो जणींना घर मिळाले. उतारवयात, 1921 साली, मनोरमाबाईही त्यांच्या आधी गेल्या. दुःखाने त्यांची पाठ सोडली नाही, पण त्यांनीही दुसऱ्यांच्या दुःखाकडे पाठ केली नाही.

दुःख चांगले असते, असे मात्र मी म्हणत नाही. प्रभूने आजाऱ्यांना नुसते "सोसा" म्हणून परत पाठविले नाही, त्यांना बरे केले. तेव्हा दुखण्यावर डॉक्टर आणि औषध हवेच. माझ्या मुलाच्या गोळ्या आजही चालू आहेत. मी रोज प्रार्थना करते आणि रोज गोळीही देते. तो पूर्ण बरा का होत नाही, ह्याचे उत्तर मला मिळालेले नाही. पण मी एकटी नाही, एवढे मला कळले आहे, आणि त्यावर माझा दिवस निभतो.

भगिनींनो, मंडळातर्फे आपण आजाऱ्याच्या घरी जातो, मयताच्या घरी जातो. तेथे "कसे झाले, कोणाचे चुकले" हे विचारू नये. घागरभर पाणी भरून द्यावे, भाकरी न्यावी, लेकरांना तासभर आपल्या घरी आणावे. हे काही न जमले तर नुसते जवळ बसावे. देवाचा कळवळा पुष्कळदा शेजारणीच्या हातांनीच घरात येतो.

 प्रभू आपल्या घरादाराला शांती देवो.