सापडलं खरं, पण कुठं?



2025 च्या फेब्रुवारीत संभाजी महाराजांवरचा ‘छावा’ चित्रपट लागला आणि काही दिवसांतच आपल्या असीरगडाखालच्या शेतांचे व्हिडिओ देशभर फिरू लागले. रात्रीची वेळ, टॉर्चचा उजेड, कुदळी, फावडी, कुणाकडे धातू शोधायचं यंत्रसुद्धा. सिनेमात बुऱ्हाणपूरच्या मुघली खजिन्याची गोष्ट आहे, म्हणजे तो इथल्याच मातीत असणार, असा लोकांचा हिशेब. महामार्गाच्या कामाची माती शेतात टाकली तेव्हा नाणी निघाली, अशीही वदंता होतीच. गंमत अशी, की असीरगड आपल्याच बुऱ्हाणपूर जिल्ह्यात. पण याच जिल्ह्यातल्या खकनारकरांनाही ही बातमी कळली ती मोबाइलवरूनच, मुंबई-दिल्लीच्या माणसाला कळली तशी.

आता थोडा विचार करा. 1681 मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेनं बुऱ्हाणपूर लुटलं, हे खरं. पण लूट म्हणजे माल घेऊन जाणं. जो माल मराठे घेऊन गेले, तो इथं शेतात कसा सापडायचा?

तरीही नाणं निघणं अशक्य आहे, असं मी म्हणणार नाही. बुऱ्हाणपूरला मुघलांची टांकसाळ होती. अकबरानं 1601 मध्ये असीरगड घेतला, तेव्हा सोन्याची खास मोहर पाडली. तिच्या एका बाजूला ससाणा आहे आणि दुसऱ्या बाजूला टांकसाळीचं नाव, असीर. तिचे फोटो इंटरनेटवर फुकट बघायला मिळतात. मला विचाराल तर त्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा हा एक फोटो पाहण्यासारखा आहे. ससाण्याचं पीसन् पीस मोजता येईल असं काम आहे! पण तो फारसा कुणी पुढे पाठवला नाही.

कुदळीनं काढलेल्या नाण्याचं होतं काय? ते सराफाकडे जातं, वजनावर विकलं जातं आणि बहुतेकदा मुशीत वितळतं. किती खोलीवर होतं, मडक्यात होतं की सुटं, शेजारी आणखी काय होतं, हे सगळं खड्ड्याबरोबर जातं. अभ्यासकाला नाण्याइतकीच, कधी कधी जास्तच, या माहितीची किंमत असते.

याचा एक जुना मासला असीरगडावरचाच आहे. गडावर एका पेटीत तांब्याची एक मुद्रा सापडली होती. ती कनौजच्या मौखरी घराण्यातल्या शर्ववर्मा राजाची, म्हणजे सहाव्या शतकातली. मूळ मुद्रा पुढे हरवली, उरले ते तिचे ठसे. त्या ठशांवरून जॉन फ्लीट या अभ्यासकानं 1888 मध्ये तिचं वाचन छापलं. राजाची मुद्रा गडावर मिळाली, तेव्हा गडावर मौखरींचं राज्य होतं, असं म्हणायचा मोह कुणालाही होईल. पण मुद्रा ही हातात मावणारी वस्तू. ती कुणीही कुठूनही आणू शकतो. पेटीत मिळाली एवढ्यावरून ती तिथलीच, असं ठरत नाही.

आपल्या मोबाइलवर येणारं बहुतेक सगळं असंच पेटीतलं असतं. कुणी काढलं, कुठं, कधी, याचा पत्ता नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर मजकुराच्या वर कधी कधी दोन बाण दिसतात. त्याचा अर्थ, हे तुमच्यापर्यंत अनेक हातांतून आलंय. ज्यानं पाठवलं त्यालाही मूळ ठाऊक नसण्याची शक्यता जास्त.

2018 साली असाच एक व्हिडिओ गावोगाव फिरत होता. मोटारसायकलवरून आलेली माणसं रस्त्यावर खेळणारं मूल उचलून नेतात. तो होता कराचीत बनवलेल्या जनजागृतीच्या फिल्मचा तुकडा. मूल परत आणून सोडतात, तो शेवट कुणीतरी कापून टाकला होता. त्याच वर्षी 1 जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच जणांना जमावानं मारून टाकलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते.

सगळंच इतकं जीवघेणं नसतं. बुऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्याचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. 1615 च्या सुमाराचं, जमिनीखालच्या बोगद्यांतून शहराला पाणी पुरवणारं ते काम खरोखर थक्क करणारं आहे. पण ‘जगात एकमेव’ हे शब्द आले की जरा थांबावं. ही तऱ्हा इराणातून आली, तिथं तिला कनात म्हणतात. कर्नाटकात बीदरलाही तसे बोगदे आहेत. एकमेव नाही म्हणून आपल्या भंडाऱ्याची शान काही कमी होत नाही.

मग करायचं काय? फोटो असेल तर गूगल लेन्समध्ये टाकून पाहावा. कधी कधी तोच फोटो चार वर्षांपूर्वी भलत्याच गावाच्या नावावर फिरलेला असतो, हे मिनिटभरात कळतं. आणि ग्रुपवर ‘वा!’ लिहिण्याआधी ‘कुठलं आहे हे?’ असं विचारावं. तुमच्या मामांना किंवा काकांना राग येईल, येऊ द्या. जमलं तर प्रश्न त्यांना एकट्याला पाठवावा, चारचौघांत नको.

आता उलट बाजू. उद्या नांगरताना तुमच्याच शेतात कोरीव दगड किंवा नाणं निघालं तर? धुऊ-घासू नका, शेंदूर फासू नका. शेजारी एक पट्टी ठेवून फोटो काढा, किती खोलीवर निघालं ते लिहून ठेवा. 1878 चा निखात निधी कायदा सांगतो, की जमिनीत लपलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज सापडला तर कलेक्टरांना लेखी कळवायचं. म्हणजे ठिकाण सांगायचं ते तिथं, कलेक्टर कचेरीला आणि पुरातत्त्व खात्याला. ग्रुपवर टाकायचाच असेल तर फोटो खुशाल टाका. शेताचा खसरा नंबर टाकू नका.