पाण्याने धूर धुतला जात नाही

(तलवाडा येथे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा सारांश)



तंबाखू घातक आहे, हे तुम्हांला नव्याने सांगावयास नको. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करताना आढळले. पैकी धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के. आपले दुखणे मुख्यतः चुना-तंबाखू, गुटखा आणि मिश्री यांचे. मग हुक्क्याचा विषय कशासाठी? तर तुमच्यापैकी अनेकजण उद्या शिक्षणासाठी पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला जातील, आणि घरी ज्याला व्यसन म्हणतात तेच तिथे फळांचा सुगंध लावून, प्रतिष्ठेचे रूप घेऊन समोर येईल.

एका विद्यार्थ्याने मला विचारले, “सर, धूर पाण्यातून गाळून येतो, मग अपाय कसला?” नेमका हाच भ्रम विकला जातो. पाण्याने धूर थंड होतो, शुद्ध होत नाही. थंड धूर घशाला बोचत नाही, म्हणून तो अधिक खोल ओढला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्येच इशारा दिला होता की, तासाभराच्या एका बैठकीत सिगारेटच्या शंभर ते दोनशे पट धूर शरीरात जाऊ शकतो. ‘वनौषधी’ हुक्क्यात तंबाखू नसेलही. पण कोळसा असतोच, आणि त्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही. एकच नळी तोंडातोंडी फिरल्याने क्षयासारख्या रोगांचा धोका निराळाच.

२९ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईच्या कमला मिलमधील आगीत १४ जणांचा बळी गेला. अग्निशमन दलाच्या चौकशीत हुक्क्याच्या निखाऱ्यांकडे बोट दाखविले गेले. २०१८ मध्ये राज्याने कायदा करून हुक्का पार्लरांवर बंदी घातली. कायदा हवाच. परंतु कायद्याने दुकान बंद होते, गैरसमज नव्हे. २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तिचे काय झाले, हे तुम्ही पाहताच आहात.

मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले. पाठ्यपुस्तकातील बाजारात गिऱ्हाईक सर्वज्ञ असते; प्रत्यक्षात त्याचे अज्ञान हेच विक्रेत्याचे भांडवल. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन पाठविलेला पैसा या भांडवलात भर घालण्यासाठी नाही.

म्हणून एक काम सुचवितो. आपल्या वर्गात तीन प्रश्न विचारा: पाण्याने धूर शुद्ध होतो का? हुक्का सिगारेटपेक्षा निर्धोक आहे का? तंबाखूविरहित हुक्का अपायकारक आहे का? कोणाचे नाव घेऊ नका, कोणाला दोष देऊ नका. उत्तरे मोजा आणि फलकावर लावा. आपले अज्ञान आपणच मोजणे, ही जागृतीची पहिली पायरी होय.