मुंग्यांची रांग कुठे चालली आहे?



भाताची कापणी आणि झोडणी उरकली की शहापूर-मुरबाडकडे खाचरातल्या उरलेल्या ओलीवर वाल पेरला जातो. त्याच दिवसांत घरामागच्या परसात चवळी, वांगी, मिरची असते; मांडवावर दुधी, घोसाळी, कारली चढलेली असतात. मग पौषात दोन-चार दिवस आभाळ भरून राहते आणि वालाच्या, चवळीच्या कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा दिसू लागतो. देठावरून मुंग्यांची रांग लागते. घरातली पहिली तक्रार येते ती मुंग्यांचीच, आणि कुणीतरी दुकानातून पावडर आणायला निघते. माझे आजचे सांगणे असे, की पावडर आणण्याआधी त्या रांगेचे वरचे टोक पाहा.

वालाचे पान मुंगी खात नाही. भेंडीच्या कळ्या किंवा रोपाचा बुंधा कुरतडणाऱ्या तांबड्या मुंग्या असतात, नाही असे नाही. पण शेंड्याकडे शिस्तीत जाणारी रांग बहुधा माव्याकडे चाललेली असते. मावा झाडाचा रस शोषतो. त्या रसात साखर भरपूर आणि पोषक द्रव्ये थोडी, म्हणून त्याला पोटापेक्षा कितीतरी जास्त रस ओढावा लागतो आणि नको असलेली साखर तो चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकतो. हा गोड चिकटा मुंग्यांना हवा असतो. त्याच्या बदल्यात त्या माव्याची राखण करतात: त्याला खायला आलेल्या किड्यांना चावून हुसकावतात, त्यांची अंडी उचलून नेतात. उरलेला चिकटा पानांवर पडतो आणि त्यावर काळी बुरशी, म्हणजे काजळी, चढते. माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्ले देते आणि ती पिल्ले आठवडाभरात स्वतः व्यायला लागतात. म्हणून सोमवारी चार दिसलेला मावा पुढच्या सोमवारी शेंडाभर झालेला असतो.

मुंग्या ज्यांना हुसकावतात ते किडे आपले खरे सोबती आहेत, आणि त्यांची ओळख आपल्याला फारच कमी आहे. तांबडा किंवा पिवळा, काळ्या ठिपक्यांचा वा नागमोडी पट्ट्यांचा ढालकिडा अनेकांना माहीत असतो. त्याची अळी मात्र ओळखू येत नाही. ती काळपट, लांबट, अंगावर काटेरी उंचवटे असलेली, एखाद्या चिमुकल्या मगरीसारखी दिसते. आणि कीड समजून नेमकी तीच चिरडली जाते. मावा फस्त करण्यात ही अळी मोठ्या किड्याच्या तोडीस तोड असते. पानाखाली उभी रचलेली पिवळी अंडी दिसली तर ते पान तोडू नका. केसासारख्या बारीक दोऱ्याच्या टोकावर पांढरा दाणा दिसला तर ते क्रायसोपा या दुसऱ्या सोबत्याचे अंडे. फुलांवर हवेत एकाच जागी तरंगणारी, मधमाशीसारखे पट्टे असलेली माशी ही सिरफिड. तिची बिनपायाची अळी माव्यातच वाढते. आणि माव्याच्या गर्दीत फुगलेले, तपकिरी, कडक झालेले दाणे दिसले तर तिथे एका बारीक गांधीलमाशीने आपले काम केलेले आहे. आतला मावा मेलेला असतो आणि नवी माशी भोक पाडून बाहेर पडते.

तेव्हा उपाय सरळ आहे. मुंग्यांची शिडी तोडायची आणि या सोबत्यांना वाट मोकळी करून द्यायची. मांडवाच्या प्रत्येक खांबाला, पेरूच्या, शेवग्याच्या, कढीपत्त्याच्या बुंध्याला कागदाचा किंवा कापडाचा पट्टा घट्ट गुंडाळा आणि त्यावर एरंडेलात राळ वितळवून केलेला चिकट लेप लावा. सालीवर थेट लावू नका. भिंतीला, कुंपणाला, शेजारच्या झाडाला टेकणारी फांदी छाटा, नाहीतर मुंग्या तिकडून येतात. कुंडी असेल तर ती पाण्याच्या परातीत विटेवर ठेवा. वालाला पट्टा बांधता येत नाही. तिथे जास्त लागण झालेले शेंडे खुडून टाकावेत आणि बाकीचे पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावेत. चुलीची चाळलेली राख बुंध्याभोवती टाकण्याची जुनी रीत कोरड्या दिवसांत चालते. तरीही मावा हटला नाही, तर ५० ग्रॅम निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, संध्याकाळी फक्त लागण झालेल्या शेंड्यांवर फवारा. कोथिंबिरीचा एक वाफा फुलावर जाऊ द्या, बडीशेपेची दोन झाडे ठेवा. सिरफिडला आणि त्या बारीक गांधीलमाशीला मध तिथेच मिळतो.

आता पावडरीविषयी. जुनी माणसे अजून गॅमेक्सिन मागतात. गॅमेक्सिन म्हणजे बीएचसी, आणि त्यावर १९९७ मध्येच बंदी आली. गावात थायमेट म्हणून ओळखले जाणारे फोरेटचे दाणे परसात टाकणे तर फार घातक. ते झाडाच्या रसात चढते, म्हणजे भाजीतही उतरते, आणि परसात फिरणारी गावठी कोंबडी दाणा समजून ते टिपते. ३१ डिसेंबर २०२० पासून त्यावरही बंदी आहे. कुणाच्या माळ्यावर जुनी पुडी उरली असेल तर ती वापरू नका. ओढ्यात तर मुळीच टाकू नका. शहापूरच्या डोंगरांतले पाणी तानसा आणि भातसा धरणांत जाते आणि तिथून मुंबईच्या घराघरांत.

एका मुंगीची बाजू मात्र मला मांडायचीच आहे. आंब्यावर पाने शिवून घरटे करणारी तांबडी ओंबील चावते, म्हणून आपण तिची घरटी जाळतो. चीनमध्ये संत्रावर्गीय फळबागांसाठी हीच मुंगी घरट्यांसकट बाजारात विकली जाई. इसवी सन ३०४ चा मानल्या जाणाऱ्या एका ग्रंथात तशी नोंद आहे. पुढच्या काळात तिथले बागायतदार तिला झाडाझाडांवर फिरता यावे म्हणून बांबूचे पूल बांधू लागले. अळ्या, भुंगेरे, ढेकण्या ती पकडून नेते, आणि तिचा वावर असलेल्या फळांवर फळमाशी अंडी घालायला कचरते. तीही पिठ्या ढेकूण आणि खवले कीड राखते, हे खरे. म्हणून घरट्याजवळच्या फांद्या अधूनमधून तपासा. पांढरा कापूस दिसला तर तेवढी फांदी छाटा, बाकी घरटी राहू द्या. फळे उतरवताना अंगभर कपडे घाला आणि हातांना राख चोळा. दोन झाडांना काठीने जोडायचे असेल तर दोन्हीकडे एकाच वसाहतीच्या मुंग्या आहेत ना, ते आधी पाहा. वेगळ्या वसाहतीच्या असल्या तर त्या एकमेकींशी मरेपर्यंत लढतात.