पाऊल दुखते, पण नेमके कुठे?



कमरेपासून अंगठ्यापर्यंत काहीही दुखले तरी आपण मराठीत ‘पाय दुखतो’ असेच म्हणतो. गुडघा दुखला तरी पाय, पोटरीत गोळा आला तरी पाय आणि टाच दुखली तरी पायच! दवाखान्यात मात्र एवढे सांगून भागत नाही. आज मी फक्त घोट्याच्या खालच्या भागाविषयी, म्हणजे पावलाविषयी बोलणार आहे. एका पावलात २६ हाडे आणि तीसहून अधिक सांधे असतात. उभ्या शरीराचा भार ही एवढीशी रचना वाहते.

आपल्या वसई-विरारमध्ये पावलांना काम भरपूर. विरार ते चर्चगेट अंतर ६० किलोमीटर. कित्येकजण ते तास-दीड तास उभ्यानेच कापतात आणि उतरल्यावर पुलाचे जिने असतातच. वालीवच्या कारखान्यांत मशीनपुढे पूर्ण पाळी उभे राहावे लागते. अर्नाळ्याच्या कोळणी डोक्यावर पाटी घेऊन चालतात, वाडीत काम करणारी मंडळी अनवाणी चिखलात असतात. घरातली गृहिणीही ओट्यापाशी कडक लादीवर दिवसाचे कित्येक तास उभीच असते. ‘वयाप्रमाणे दुखायचेच’ असे म्हणून ही माणसे दुखणे अंगावर काढतात. खरे तर बहुतेक दुखणी घरच्या साध्या उपायांनी बरी होतात. फक्त स्वतःला दोन प्रश्न विचारायचे: नेमके कुठे दुखते आणि केव्हा दुखते?

सर्वांत जास्त आढळणारी तक्रार टाचेची. सकाळी उठून पहिले पाऊल टाकले की टाचेच्या तळाशी सुई टोचल्यासारखी कळ येते. दहा-वीस पावले चालल्यावर ती कमी होते आणि संध्याकाळी पुन्हा डोके वर काढते. याचे कारण असे, की टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात एक जाड, चिवट पट्टा असतो. धनुष्याच्या दोरीसारखा तो पावलाची कमान धरून ठेवतो. सतत उभे राहणे, वाढलेले वजन, आखडलेल्या पोटऱ्या किंवा पातळ तळाची चप्पल यांमुळे तो टाचेजवळ दुखावतो. रात्री विश्रांतीत तो आखडतो आणि सकाळी एकदम ताणला जातो. डॉक्टर याला ‘प्लांटर फॅसायटिस’ म्हणतात.

एक्स-रेमध्ये टाचेचे हाड वाढलेले दिसले की लोक घाबरतात. पण असे वाढलेले हाड काहीही त्रास नसलेल्या अनेकांच्या एक्स-रेमध्येही दिसते. दुखण्याचे मूळ बहुधा त्या पट्ट्यात असते, म्हणून हाड काढून टाकण्याची घाई करू नये.

यावर उपाय काय? सकाळी अंथरुणातून उतरण्यापूर्वी दुखणारे पाऊल दुसऱ्या मांडीवर घ्या, हाताने बोटे नडगीच्या दिशेने मागे ओढा आणि दहा अंक मोजेपर्यंत धरा. असे दहा वेळा करा. दिवसातून तीनदा हा व्यायाम हवा. दुसरा व्यायाम पोटरीचा. भिंतीला हात टेकून दुखणारा पाय मागे ठेवा. त्याचा गुडघा सरळ आणि टाच जमिनीला टेकलेली ठेवून पुढे झुका. पोटरीत ताण जाणवला की अर्धा मिनिट थांबा. संध्याकाळी पाण्याची छोटी बाटली गोठवून फडक्यात गुंडाळा आणि तळव्याखाली दहा मिनिटे फिरवा. घरातही मऊ तळाची चप्पल वापरा. आपल्याकडे घरात चप्पल घालणे अनेकांना रुचत नाही. त्यासाठी एक वेगळी, स्वच्छ जोडी ठेवावी. मात्र धीर हवा. आराम पडायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. पण बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. मेडिकलमधून परस्पर वेदनाशामक गोळ्या आणून महिनोन्‌महिने घेऊ नका. पोट आणि मूत्रपिंड या दोन्हींना त्या महागात पडतात.

आता पावलाच्या पुढच्या भागाकडे येऊ. चवड्याखाली, बोटांच्या मुळाशी दुखत असेल तर आधी आपला बूट पाहावा. टोकाला निमुळता बूट किंवा उंच टाचेची सँडल सगळा भार चवड्यावर टाकते. बोटांवरची आणि तळव्यावरची कुरुपेही अशाच दाबाने होतात. कुरूप ब्लेडने कापू नये. दाब गेल्याशिवाय ते पुन्हा पुन्हा होणारच.

अंगठ्याचा सांधा रातोरात सुजून लाल झाला आणि चादरीचा स्पर्शही सोसवेना, तर रक्तातील युरिक ॲसिड वाढून होणारा ‘गाउट’ असण्याची शक्यता असते. दारू, विशेषतः बिअर, हा त्रास वाढवते. तारली, बांगडा, मटणाची कलेजी यांचे प्रमाणही अशा रुग्णांनी बेताचे ठेवावे. पण निदान डॉक्टरांनीच करायला हवे, कारण जंतुसंसर्गातही सांधा असाच दिसू शकतो.

पावसाळ्यात आपल्याकडे रस्त्यांवर पाणी साचते. ओले बूट-मोजे दिवसभर पायात राहिले की बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. घरी आल्यावर पाय साबणाने धुवावेत आणि बोटांच्या मधली जागा कोरडी पुसावी. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरणे टाळावे. त्यातून लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. अशा पाण्यातून चालावे लागले आणि नंतर ताप आला, तर डॉक्टरांना तसे आवर्जून सांगा.

आतापर्यंत दुखणाऱ्या पावलाविषयी बोललो. पण मला जास्त काळजी वाटते ती न दुखणाऱ्या पावलाची. मधुमेह बरीच वर्षे असला, की पायाच्या नसा क्षीण होतात. आधी तळव्यांची आग होते, मुंग्या येतात आणि मग बधिरपणा येतो. ‘आता दुखत नाही, बरे झाले’ असे रुग्णाला वाटते. प्रत्यक्षात खडा रुतला, चपलेचा खिळा टोचला तरी त्याला कळत नाही. जखम चिघळते आणि पाऊल गमावण्याची वेळ येते. नवरात्रात जीवदानीच्या हजाराहून अधिक पायऱ्या अनवाणी चढण्याचा नवस अनेकजण करतात. ज्यांचे तळवे बधिर आहेत, त्यांनी असा नवस करू नये. देवीला पादत्राणे देवळाबाहेर ठेवून केलेला नमस्कारही पोहोचतो. अशा व्यक्तींनी रोज रात्री तळवे आरशात पाहावेत किंवा घरच्यांकडून पाहून घ्यावेत. गरम पाण्याचा शेक आणि कुरूप जाळणाऱ्या पट्ट्या टाळाव्यात. डॉक्टरांच्या सल्ल्याने ‘एमसीआर’ची मऊ चप्पल घ्यावी.

बधिरपणाचे कारण दरवेळी मधुमेहच असते असे नाही. ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही तळव्यांची आग होते. त्वचेवर फिकट किंवा लालसर बधिर चट्टा असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रात त्याचे औषध मोफत मिळते. लवकर उपचार घेतल्यास व्यंग टळते.

पादत्राणे घेताना एक साधा नियम पाळा. दिवसभरात पावले थोडी सुजतात, म्हणून खरेदी संध्याकाळी करा. दोन्ही पायांत घालून चालून पाहा. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा असावी. ‘वापरून सैल होईल’ या भरवशावर घट्ट बूट घेऊ नका. लोकलमध्ये उभे असाल आणि गर्दीतून जागा मिळत असेल, तर अधूनमधून टाचा उचलून खाली टेकवा. पोटरीचे स्नायू हलते राहतात.

शेवटी, घरी उपाय करीत न थांबता डॉक्टरांकडे कधी जावे? मुरगळल्यानंतर चार पावलेही टाकता येत नसतील; एकाच पायाची पोटरी अचानक सुजली असेल; पाऊल थंड, निळसर पडले असेल; सुजेबरोबर ताप असेल; ठरावीक अंतर चालले की पोटरी भरून येत असेल आणि थांबल्यावर बरे वाटत असेल, विशेषतः विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना; किंवा मधुमेही व्यक्तीच्या पायाला लहानशीही जखम झाली असेल, तर आज जा, उद्यावर ढकलू नका.

आणि डॉक्टरांना नुसते ‘पाय दुखतो’ म्हणून सांगू नका. बोट ठेवून जागा दाखवा, वेळ सांगा. निम्मे निदान तिथेच होते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)