जखमेचे पदक

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दरवर्षी २१ ऑक्टोबरला पोलीस मैदानावर, वर्षभरात कर्तव्य बजावताना प्राण गमावलेल्या पोलिसांची नावे वाचली जातात. १९५९ साली याच दिवशी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैनिकांच्या हल्ल्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे दहा जवान धारातीर्थी पडले. त्याची ही आठवण. माझे वडील हवालदार होते. निवृत्तीनंतरही ते इस्त्रीचा शर्ट घालून न चुकता तिथे जात आणि मागे उभे राहत. नावे ऐकताना त्यांचा उजवा डोळा भरून येई. डावा काचेचा होता.

पोलिसाचे पदक म्हटले की आपल्याला तुकाराम ओंबळे आठवतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर हातात फक्त लाठी असताना त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी धरली आणि गोळ्या अंगावर घेऊनही सोडली नाही. म्हणून कसाब जिवंत सापडला, खटला उभा राहिला. २००९ साली त्यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळाले. त्याच रात्री कामा रुग्णालयात सदानंद दाते हातबॉम्बच्या तुकड्यांनी जखमी झाले, तरी त्यांनी अतिरेक्यांना रोखून धरले. त्यांना राष्ट्रपतींचे शौर्यपदक मिळाले. या पदकांबद्दल कुणाचे दुमत असण्याचे कारण नाही.

आता वडिलांचे सांगतो. दंगलीच्या बंदोबस्तात ते एका नाक्यावर उभे होते. गच्चीवरून वीट आली. डोळा गेला. उपचार सरकारी खर्चाने झाले, पुढची नोकरी पोलीस ठाण्यात मुद्देमाल सांभाळण्यात गेली. त्यांच्या एका साहेबांनी पदकासाठी शिफारस करायचे मनावर घेतले. कागद वर गेला आणि वरून प्रश्न आला, ‘यांनी नेमके काय केले?’ वडिलांनी सरळ लिहून दिले, ‘उभा होतो.’ कागद तिथेच थांबला.

प्रश्न चुकीचा होता, असे मी म्हणणार नाही. शौर्यपदक कृतीसाठी असते, ते सरसकट वाटले तर ओंबळ्यांच्या पदकाचे मोल काय राहील? पण सैन्यात पराक्रम पदक आहे. शत्रूच्या हल्ल्यात जखमी झालेल्याला ते मिळते. तू काय केलेस, असे तिथे विचारत नाहीत, जखम पुरते. अडचण ‘शत्रू’ या शब्दाची आहे. दंगलीतली वीट शत्रूची नसते. ती आपल्याच गावातल्या माणसाने टाकलेली असते, कदाचित ज्याच्या दुकानाचे रक्षण करायला पोलीस उभा आहे, त्याच्याच शेजाऱ्याने. ब्रिटनने २०२४ साली सार्वजनिक सेवेत मृत्यू आलेल्यांच्या कुटुंबीयांसाठी ‘एलिझाबेथ एम्ब्लेम’ हे मानचिन्ह सुरू केले. पोलीसही त्यात येतात. पण तेही मृतांसाठीच, जगून उरलेल्यासाठी नाही.

वडिलांनी स्वतः कधी पदक मागितले नाही. फक्त एकदा, मैदानावरून परतताना म्हणाले, ‘‘अरे, मेलो असतो तर नाव वाचलं असतं.’’ ते हसत होते. मला मात्र काय बोलावे ते सुचले नाही, आणि आम्ही बसथांब्यापर्यंत तसेच चालत गेलो.

पुढे ते घरीच वारले. त्यामुळे नाव काही वाचले गेले नाही. २१ ऑक्टोबरला आता मी जातो. मागेच उभा राहतो.