गिरणीच्या जागेवर चालायचं कुणी?



हल्ली एक नवी भाषा कानावर येते. जुन्या गिरणीच्या जागी अशी वस्ती करायची म्हणे, की घर, काम, बाजार, बाग सगळं पायी चालण्याच्या अंतरात! ऐकायला बरं वाटतं. पण दोस्तहो, असा गाव लालबाग-परळात कितीएक वर्षं उभा होता. भोंगा झाला की माणूस चाळीतून उतरायचा नि पायीच साच्यावर हजर व्हायचा. खानावळ गल्लीत, भाजी नाक्यावर, भजन चाळीच्या चौकात. तिथं सारं गोड होतं असं मी म्हणत नाही. एका खोलीत दहा-दहा माणसं पाळीपाळीनं निजत. म्हणून तर जागा हवी होती.

अन् जागा होती! ५८ गिरण्या, सुमारे ६०० एकर जमीन. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंड पडल्या. १९९१ साली सरकारनं नियम केला: गिरणीची जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश पालिकेला मैदान-बागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, राहिलेली मालकाला. १९९६ साली चार्ल्स कोरिया यांच्या समितीनं त्याहून शहाणपणाचं सांगितलं. सुटे तुकडे पाडू नका, जमिनी एकत्र धरून आराखडा करा, परळच्या स्टेशनांपाशी लोकांना चालायला मोकळा चौक ठेवा. आराखडा कागदावरच राहिला.

मग २००१ साली नियमच फिरवला. वाटणी सगळ्या जमिनीची नाही, फक्त मोकळ्या जमिनीची! ज्या जमिनीवर शेड उभी, ती हिशेबातून बाद. अहो, गिरणी म्हणजे शेडच की! २००६ साली सुप्रीम कोर्टानंही तो बदल कायम केला.

पुढं ज्यानं त्यानं आपल्या भिंतीच्या आत मॉल बांधला, कचेऱ्यांचे मनोरे बांधले. भिंतीबाहेरचा रस्ता तोच, स्टेशनचा जिना तोच. कामाला येणारी माणसं मात्र कितीतरी पटीनं वाढली. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी एलफिन्स्टन रोडच्या पुलावर २३ माणसं चेंगरून मेली. पावसामुळं गर्दी झाली, म्हणाले!

आणि घरं? २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरं निघाली, अर्ज दीड लाखाच्या घरात. २०२४ साली सरकारनं बोट दाखवलं कर्जत लायनीवरच्या शेलू-वांगणीकडं. ज्याचा बाप पायी गिरणीत जायचा, त्याच्या पोरानं पहाटेची लोकल धरून शिवडीला यायचं. पायी चालायची वस्ती ती हीच काय?

एनटीसीच्या टाटा, पोदार, दिग्विजय या गिरण्या मार्च २०२० मध्ये बंद पडल्या. त्यांच्या जमिनीचा सौदा होण्याआधी नकाशा आपल्यापुढं ठेवा, हे आपण सरकारला विचारायचं. त्यात कामगारांची घरं कुठं, मैदान कुठं, स्टेशनकडं जाणारी वाट किती फूट रुंद, ते आकड्यानिशी लिहून घ्यायचं. चाळीचाळीतून सह्या गोळा करायला रविवारपासून निघू या.