पुरुषाचे वस्त्र आणि त्याची लाज

५ मे १९६१ रोजी अमेरिकेचा अंतराळवीर अ‍ॅलन शेपर्ड आपल्या यानात जाऊन बसला, तेव्हा त्याचे उड्डाण अवघे पंधरा मिनिटांचे ठरलेले होते. एवढ्याशा अवधीसाठी लघुशंकेची सोय हवी, हे योजकांच्या ध्यानी आले नव्हते. परंतु उड्डाण लांबत गेले. चार तासांहून अधिक काळ त्याला त्या चिंचोळ्या यानात उताणे पडून राहावे लागले आणि अखेर अनुमती मागून त्याने आपल्या पोशाखातच लघुशंका केली. पुढल्या वर्षी जॉन ग्लेन निघाला, तेव्हा मूत्र साठविण्याचे साधन त्याच्या अंगावर होते. आजही यानाबाहेर सहा-सात तास काम करणारे अंतराळवीर आपल्या अवजड पोशाखाच्या आत शोषक वस्त्र, म्हणजेच डायपर, घालतात. त्यांना कोणी हसत नाही.

मग तेच वस्त्र एखाद्या निवृत्त कारकुनाच्या कमरेला असले, तर ते घरच्या माणसांपासूनही लपविण्याची पाळी त्याच्यावर का यावी?

मूत्रावरचा ताबा सुटणे हा स्वभावाचा दोष नव्हे आणि केवळ म्हातारपणाचा भोगही नव्हे. प्रोस्टेट ग्रंथीची शस्त्रक्रिया, पक्षाघात, कंपवात, दीर्घकाळचा मधुमेह, पाठीच्या कण्याला झालेली इजा, अशी त्याची कारणे असतात. हा त्रास स्त्रियांमध्ये अधिक आढळतो. पण पुरुष त्याविषयी बोलायलाच तयार नसतो. आपण पुन्हा तान्हे मूल झालो, असे त्याला वाटते. आधी तो प्रवास सोडतो, मग लग्नकार्ये टाळतो, मग सायंकाळचे फिरणेही बंद करतो. कित्येक जण तर पाणी पिणेच कमी करतात. हा उपाय उलटतो. कारण दाट झालेले मूत्र मूत्राशयाला अधिकच डिवचते आणि मलावरोध होऊन त्रासात भर पडते.

अशा गृहस्थाचा वेषही पालटतो. आवळ पाटलोण आणि पट्टा जाऊन नाडीचा ढगळ पायजमा येतो. सदरा बाहेर सोडलेला राहतो. रंग गडद निवडला जातो. चारचौघांच्या नजरेला हे विचित्र दिसते आणि कोणी तरी विचारतोच, “हे काय सोंग काढले आहे?” गंमत अशी की, दोन-तीन पिढ्यांपूर्वी बडोद्याच्या किंवा ग्वाल्हेरच्या कचेरीत सैल धोतर आणि वर लांब कोट हाच प्रतिष्ठितांचा पोशाख होता. त्या निऱ्यांच्या आड कोणाचे काय झाकले जात असे, याची चौकशी कोणी केली नाही. ज्याला आपण आज चमत्कारिक म्हणतो, तो कालचा शिष्टाचार होता. वेषाचे नियम माणसाच्या सोयीसाठी असतात. सोय संपली की ते बदलण्याचा त्याला अधिकार आहे.

आजचे डायपर म्हणजे जुन्या काळच्या दुपट्याची मोठी आवृत्ती नव्हे. त्यात सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट नावाचे चूर्ण असते. ते आपल्या वजनाच्या शेकडो पट शुद्ध पाणी शोषून घेते. क्षारयुक्त मूत्राच्या बाबतीत हे प्रमाण पुष्कळ खाली येते, तरीही ओलावा धरून ठेवण्यात ते कापसाला मागे टाकते. म्हणून वस्त्राचा वरचा पदर बराचसा कोरडा राहतो. तथापि ते वेळेवर बदलणे आणि त्वचा स्वच्छ व कोरडी ठेवणे आवश्यकच असते. नाही तर कातडी सोलवटते. जपानमध्ये वृद्धांची संख्या वाढली आणि मुले कमी झाली, तेव्हा ओजी होल्डिंग्ज या कारखानदार संस्थेने आपण देशातील बाळांचे डायपर बनविणे थांबवून मोठ्यांच्या डायपरवर भर देणार असल्याचे २०२४ साली जाहीर केले. पाळण्याकडून आरामखुर्चीकडे झालेला हा प्रवास आपल्याकडेही उद्या येणारच आहे.

परंतु वस्त्र हा उपचार नव्हे, हेही सांगितले पाहिजे. डायपर मिळाले म्हणून वैद्याकडे जाण्याचे टाळू नये. आर्नल्ड केगेल या अमेरिकन डॉक्टराने १९४८ साली ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंचे व्यायाम मांडले. ते प्रथम बाळंतपणानंतरच्या स्त्रियांसाठी होते. आज प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर पुरुषांनाही तेच शिकवितात. शस्त्रक्रियेनंतर कित्येकांचा ताबा काही महिन्यांत, कोणाचा वर्षभरात, पुष्कळसा परत येतो. काहींना औषधांनी उतार पडतो. ज्यांना पडत नाही, त्यांनाही घराबाहेरचे जग सोडण्याचे कारण नाही.

येथे इतरांचेही काही कर्तव्य आहे. सुनेने वा मुलाने डायपरचे पुडके किराणा सामानाइतक्याच सहजपणे घरात आणावे. सभागृहात अशा गृहस्थाने दाराजवळची खुर्ची धरली, तर “पुढे या ना” असा आग्रह करू नये. पुरुषांच्या सार्वजनिक शौचगृहात झाकणाची एक टोपली ठेवणे नगरपालिकेला जड नाही. ती नसल्यामुळे वापरलेले डायपर पिशवीत घालून घरापर्यंत वागविणारे वृद्ध आहेत. आणि कोणाचा पायजमा ढगळ दिसला, तर त्याच्याशी पावसापाण्याच्या गोष्टी बोलाव्यात; पायजम्याच्या नव्हेत.